पंधरा मिनिटांचं काम

आमच्या अमडापुरात त्या काळी मोटारी दोनच होत्या. एक डॉक्टरांची, काळी, चौकोनी, रोज सकाळी एकाच आवाजात सुरू होणारी. दुसरी माझी. माझी रोज सुरू होईलच असं नव्हतं, पण ती नुसती उभी असली तरी लोक तिच्याभोवती गोळा होत.

गावात तिला 'अमेरिकन' म्हणत. कंपनीचं नाव चकचकीत अक्षरांत तिच्या नाकावर होतं, पण बऱ्याच जणांना ते वाचता येत नसे आणि ज्यांना वाचता येई त्यांना उच्चारता येत नसे. दोनच दारं, लांबलचक पुढा, मागे घसरगुंडीसारखं उतरत गेलेलं छत. पुढे दोन माणसं ऐसपैस बसत. मागे एक अरुंद बाक होता, त्यावर दोन लहान मुलं किंवा गव्हाचं एक पोतं मावे. रंग दुधी, आतलं कातडं तांबडं. आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. लढाईच्या दिवसांत कोणा अमेरिकन माणसाने ती मुंबईत आणली आणि जाताना तिथेच विकली. हात बदलत बदलत ती खामगावच्या एका रुईच्या दलालाकडे आली. दलालाचे गुडघे धरले, इतकं खाली वाकून आत शिरणं त्याला जमेना, म्हणून त्याने ती काढली.

मी नागपूरला वकिली शिकत असताना सिव्हिल लाइन्समध्ये अशीच एक गाडी रोज पाहत असे. ती वळणावरून जाताना कशी खाली बसायची आणि मग पुढे झेपावायची, ते मी वह्या-पुस्तकं मांडून बसलो तरी डोळ्यांपुढून हलत नसे. वडिलांच्या माघारी शेती माझ्या हाती आली, बुलडाण्याच्या कोर्टात थोडा जम बसला, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी ती गाडी घरी आणली. माझी माय ओट्यावर उभी राहून म्हणाली, "बैलायचा कोठा खाली करून त्याच्यात लोखंड बांधतं काय रे?" मी खरंच कोठा रिकामा केला, खाली फरशी टाकली, दाराला कुलूप बसवलं.

लग्न त्याच वर्षी झालं. मुलगी नांदुऱ्याची. घर आमच्या नात्यागोत्यातलंच, पण शेती बेताची, आणि तिचे वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर. आमच्याकडच्या बायकांनी नाकं मुरडली. माय कधी रागावली की म्हणायची, "फिटराची पोर आणली, आता काय करता!" मला ते आवडत नसे. पण खरं सांगायचं तर मलाही त्या शब्दाची थोडी लाज वाटे, आणि ही लाज मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

डाव्या हाताच्या स्टिअरिंगमुळे आमच्या संसारात एक गंमत आली. पुढे बैलगाडी किंवा ट्रक असला की समोरून काय येतं आहे हे मला दिसत नसे. ते तिला दिसे, कारण ती रस्त्याच्या मधल्या बाजूला बसलेली. ती खिडकीतून डोकं काढून पाहायची आणि म्हणायची, "चला." नाहीतर, "थांबा, बस येऊन राह्यली." ती चला म्हणाली की मी चालवत असे. तिच्या शब्दावर मी कितीतरी वेळा दोघांचा जीव रस्त्याच्या मध्यावर नेला, आणि एकदाही मनात शंका आली नाही.

लग्नानंतर तीनेक महिन्यांनी गाडी पहिल्यांदा रुसली. कोर्टाची तारीख होती. चिखलीहून मिस्त्री बोलावला. त्याने दुपारपर्यंत खटाटोप केला आणि मुंबईहून सामान मागवावं लागेल असं सांगून गेला. मी कोठ्यात डोक्याला हात लावून बसलो होतो. ती चहा घेऊन आली. कप ठेवला आणि उभीच राहिली.

"मी पाहू का?" ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते आहे. ती म्हणाली, "दार लावून घ्या. माय झोपल्या आहेत."

मी दार लावलं. लग्नातल्या पेटीतून, लुगड्यांच्या खालून, तिने बोटभर लांबीची कानस काढून आणली. मला टॉर्च धरायला लावला. इंजिनाच्या बाजूला एक काळी टोपी असते, तारा जोडलेली. तिने ती चिमट्या सोडवून उचलली. आत दोन बारीक टिकल्या होत्या. "ह्या एकमेकीले लागतात आणि सुटतात," ती म्हणाली, "सुटल्या की ठिणगी पडते. पाहा, जळून चिकटून गेल्या. फट राह्यलीच नाही तर ठिणगी कुठून पडन?" तिने टिकल्या घासल्या, एक स्क्रू सैल केला, माझ्या खिशातलं एक पोस्टकार्ड घेऊन त्याची कड टिकल्यांमध्ये धरली आणि स्क्रू आवळला. "पोस्टकार्डाएवढी फट पायजे. बाबा असंच लावतात."

मी बटण दाबलं. गाडी सुरू झाली. आम्ही दोघं त्या अंधाऱ्या कोठ्यात, त्या घरघरीत, एकमेकांकडे पाहून हसत सुटलो.

मग तिने सांगितलं. लहानपणी ती बाबांचा डबा घेऊन जिनिंगमध्ये जायची. आई नव्हती, घरी थांबवून ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तास न् तास तिथेच असायची. बाबा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक तिच्या कानाशी धरायचे आणि विचारायचे, "सांग, आत काय होऊन राह्यलं?" ती सांगायची. कधी चुकायची, पण हळूहळू चुकेनाशी झाली.

त्या दिवसापासून गाडी तिनेच सांभाळली. सामान मिळत नसे. परदेशी गाड्यांचे सुटे भाग म्हणजे मुंबईच्या जुन्या बाजारात फेऱ्या घालून मिळेल ते, नाहीतर ट्रकचं काहीतरी घासूनपुसून बसवायचं. गॅस्केट फाटलं की ती जाड पुठ्ठा इंजिनावर ठेवून हातोडीने हलके हलके ठोकायची, कडांचा ठसा उमटला की कात्रीने कापायची. रेडिएटर गळायला लागला तर तिने डब्यातली मूठभर हळद पाण्यात सोडली आणि गळती थांबली. माय दोन दिवस विचारत होती, हळद इतक्या लवकर कशी संपली. फॅनचा पट्टा तुटला तेव्हा गावच्या चांभाराकडून कातडी पट्टा शिवून आणायला तिने मला पाठवलं, माप तिने दोरीला गाठ मारून दिलं होतं. सगळं काम दुपारी, दार लावून. मी टॉर्च धरायचो.

आणि मग मी बाहेर जायचो. हे लिहायला मला बरं वाटत नाही. बाहेर ओट्यावर कोणीतरी बसलेलं असायचंच. मी चिंधीला हात पुसत बाहेर यायचो, आणि त्यासाठी आधी बोटं काळ्या तेलात बुडवून घ्यायचो. लोक म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमचा हात म्हणजे मिस्त्रीले भारी!" मी हसायचो. पहिल्यांदा मी बोटं बुडवली तेव्हा तीही तोंडावर पदर धरून हसली होती. आमच्या दोघांतला तो खेळ होता. पुढे ती हसेनाशी झाली, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं तरी मी बोटं बुडवायचो.

तिचे बाबा एकदाच आमच्याकडे राहायला आले. चार दिवस. कमी बोलणारा माणूस, पांढरी टोपी, उजव्या हाताचं एक बोट पेरातून तुटलेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून चिखलीपर्यंत नेऊन आणलं. ते पुढे बसले, डोळे मिटून. मला वाटलं झोप लागली. परत आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाचवा सिलिंडर जरासा मांगं राह्यते. बाकी सुरात आहे. लय सुरात आहे." मग त्यांनी विचारलं, "कोण पाह्यते हिले?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ओट्यावर आमचे दोन शेजारी होते.

"मीच पाहतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तांब्या घेतला आणि तो धरलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडेला काळं होतं, ते कितीही घासलं तरी जात नसे. ते पाणी प्यायले, त्यांनी तांब्या परत दिला आणि म्हणाले, "चांगलं पाह्यता, जवाईबापू."

नांदुऱ्याला परत जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. एवढंच.

पुढच्या काळात मला राजकारणाचं वेड लागलं. जिल्हा परिषदा नव्या नव्या निघाल्या होत्या. ज्याची गावात जरा ऊठबस, त्याला वाटायचं आपण उभं राहावं. मलाही वाटलं. मी गाडी घेऊन तालुकाभर हिंडू लागलो. गाडी पाहायला माणसं जमत आणि मी बोलू लागे. तालुक्यातले दोन वजनदार पुढारी होते, त्यांच्या हातात तिकीट होतं. त्यांच्यासमोर मी नीटनेटका, तोलून वागायचो. बायकोविषयी कोणी काही विचारलं तर सासरे नांदुऱ्याला 'जिनिंगमध्ये असतात' एवढंच सांगायचो. फिटर हा शब्द टाळायचो.

तिकिटाची बोलणी चालू होती त्या वर्षीच्या वैशाखात तार आली. सकाळी दहा वाजता. वडील अत्यवस्थ, ताबडतोब या. मी वाचून दाखवली. ती आत जाऊन पिशवी भरू लागली. मी तिला म्हणालो, तारेत नेहमी जरा जास्तच लिहितात. एक पक्षकार आलेला होता, त्याचं ऐकून घेतलं, दाढी केली. अकरा वाजता निघालो. आमच्या छोट्या मुलीला मायजवळ ठेवलं.

अमडापूरहून खामगावला जाताना उंद्रीच्या पुढे घाट उतरावा लागतो. खामगावहून पुढे नांदुरा जवळच. गाडी नीट चालली असती तर दोन तासांत पोचलो असतो. घाट सुरू व्हायच्या जरा आधी, रस्त्याला एक चहाचं हॉटेल होतं, कुडाचं, समोर दोन बाकडी. त्याच्या अलीकडे वीस पावलांवर गाडी एकदम बंद पडली. आचका नाही, धक्का नाही. दिवा विझावा तशी.

हॉटेलसमोर एक जीप उभी होती. बाकड्यावर ते दोन पुढारी बसले होते, सोबत चार-सहा माणसं. ते खामगावहून चिखलीकडे चालले होते.

"काय वकीलसाहेब," त्यांतले एक मोठ्याने म्हणाले, "अमेरिका थकली वाटते!"

सगळे हसले. मीही हसलो. "उन्हानं पेट्रोल येत नाहीये," मी म्हणालो. "पाच मिनिटं." आणि उतरून बॉनेट उघडलं.

ती खिडकीतून हळूच म्हणाली, "पेट्रोलचं नाही हे. पेट्रोलचं असतं तर धक्के देत थांबली असती. एकदम विझली म्हणजे ठिणगी गेली. मी उतरू?"

"बस तू."

"पंधरा मिनिटाचं काम आहे. कानस आहे माह्या पिशवीत."

"लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या ना. बाबा तिकडे—"

"तू गप्प बस म्हणतो ना मी!"

आवाज मी खाली ठेवला होता, पण शब्द तेच होते. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने काच वर केली. वैशाखातलं बाराचं ऊन, पत्र्याला हात लावला तर भाजावा असं, आणि ती काच लावून आत बसली.

मी इंजिनावर वाकून उभा राहिलो. इतकी वर्षं मी नुसता टॉर्च धरला होता. ती काळी टोपी मला दिसत होती. तिच्या चिमट्या कशा सोडवायच्या हेही आठवत होतं. पण आतला कोणता स्क्रू सैल करायचा आणि कोणता नाही, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. चुकून काही हललं तर त्या लोकांपुढे शोभा होईल, या भीतीने मी टोपीला हात लावला नाही. उगाच एक नळी चाचपली, एक तार हलवली. अर्धा तास गेला. शेवटी पुढाऱ्यांनीच घाट उतरणाऱ्या एका ट्रकवाल्याजवळ खामगावच्या गॅरेजला निरोप दिला, माझ्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

आता ते गेले होते. हॉटेलवाला आणि दोन गुराखी सोडले तर तिथे कोणी नव्हतं. तेव्हा तरी मी काच वाजवून तिला उतर म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. आत्ता बोलावलं तर मघाशी मी चुकलो होतो असं झालं असतं. आणि मिस्त्री येतच होता.

एकच्या सुमारास खामगावची बस आली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने आपणहून थांबवली. "नांदुऱ्याले जायचं काय? खामगावहून लगेच दुसरी भेटते." तिने दार उघडलं. एक पाय खाली टाकला, पिशवी हातात होती. मी म्हणालो, "एकटी कुठं जाशील या उन्हात? मिस्त्री आलाच. आपण बसच्या आधी पोचू." कंडक्टर पाहत होता. तिने पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं. बस गेली.

मिस्त्री तीन वाजता आला. त्याने विचारलं, "साहेब, कशी बंद पडली? हळूहळू की एकदम?"

मी पुढाऱ्यांना सांगितलेलंच त्यालाही सांगितलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकदा तोंडातून गेलेली गोष्ट मागे घ्यायची सवय नव्हती, एवढंच. "हळूहळू," मी म्हणालो. "पेट्रोल येत नाही."

त्याने पंप खोलला, साफ केला, लावला. कार्बोरेटर खोलला, साफ केला, लावला. ती बाजूच्या खिडकीतून घाटाकडे बघत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. पाचला दहा कमी असताना मिस्त्रीने ती काळी टोपी काढली आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! पॉइंट जळून चिकटला होता, साहेब. पंधरा मिनिटाचं काम. आधी एकदम बंद पडली म्हणून सांगतलं असतं तर!"

खामगाव ओलांडून नांदुऱ्याच्या फाटकाशी आलो तर फाटक बंद. एक लांबलचक मालगाडी गेली. ती डब्यांकडे पाहत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बरे असतील बाबा." फाटक वर गेलं.

गल्लीच्या तोंडाशी माणसं बसलेली दिसली तेव्हाच कळलं. बाबा साडेचारला गेले होते. ती गाडी थांबायच्या आत दार उघडून धावली. मी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो.

रात्री सगळं आटोपून आम्ही अंगणात बसलो होतो. तिचा भाऊ, माझा मेहुणा, माझ्याजवळ येऊन बसला. साधा मुलगा, रेल्वेच्या माल-धक्क्यावर कामाला होता. तो सांगू लागला, "सकाळपासून शुद्धीवर होते, भाऊजी. सारखं एकच. गाडी आली काय, गाडी आली काय. रस्त्यानं ट्रक गेला की कान द्यायचे आन् म्हणायचे, हे नाही, तिचा आवाज नाही हा. दोन वाजल्यावर मी म्हटलं, बाबा, वाटेत बंद पडली असन. तर माह्यावर चिडले. म्हणे, गाडीत माही पोरगी बसली आहे, गाडी बंद पडणारच नाही."

मी खाली पाहत होतो. ती दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती, भिंतीला टेकून.

मग मेहुण्याने सरळ मनाने विचारलं, "उशीर काऊन झाला पण?"

"गाडी बंद पडली," मी म्हणालो. "लय मोठं काम निघालं."

ती ऐकत होती. मला वाटलं ती आता बोलेल. तिने बोलावं असंही कुठेतरी वाटलं. ती उठून आत गेली.

तेरावं करून ती परत आली. घर पूर्वीसारखं चालू लागलं. भाकरी, मुलगी, माय, सण. माझ्याशी बोलण्यात फरक नव्हता, ओरडणं नव्हतं, अबोला नव्हता. महिनाभराने एका सकाळी गाडी सुरू होईना. मी कोठ्याचं दार लावलं, टॉर्च घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणालो, "पाहतेस का जरा?"

ती पीठ मळत होती. "मिस्त्रीले बोलवा," ती म्हणाली.

मला वाटलं राग आहे, उतरेल. पुढे मी पुन्हा विचारलं, दोन वेळा, तीन वेळा. एकदा म्हणालो, दार उघडं ठेवू, कोणी पाहिलं तर पाहिलं. ती म्हणाली, "आता मले नाही येत." मी म्हणालो, असं कसं. ती म्हणाली, "नाही येत ना." तिच्या नखांच्या कडा त्या पावसाळ्यात स्वच्छ झाल्या. इतके स्वच्छ हात मी तिचे लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

गाडीचे हाल सुरू झाले. खामगावचा मिस्त्री आला, चिखलीचा आला, अकोल्याहून एक आला. प्रत्येकाने काहीतरी दुरुस्त केलं आणि काहीतरी बिघडवलं. मी स्वतः एकदा हात घातला आणि एक बोल्ट आवळता आवळता मुंडीच तोडली, उरलेला तुकडा तसाच आत राहिला. पाचवा सिलिंडर आधी मागे राहत होता, तो पुढे बंदच झाला. ब्रेकची रबरं गेली. गाडीवर धूळ बसू लागली आणि ओट्यावर बसणाऱ्यांच्या बोलण्यात डॉक्टरांची काळी गाडी येऊ लागली. तिकीट मला मिळालं नाही. त्या पुढाऱ्यांनी ते आपल्यातल्याच एकाला दिलं. मला ते सांगायला ते आले, तेव्हा त्यांना अमेरिकेची आठवणसुद्धा नव्हती.

अखेरीस जालन्याच्या एका माणसाने गाडी नेली. तो आतलं इंजिन काढून डिझेलचं बसवणार होता. मी त्याला सांगू पाहिलं की हे इंजिन मुळात फार सुरात होतं, फक्त कोणी कळणारं पाहिजे. तो म्हणाला, "असा कळणारा कुठं भेटते, साहेब?" बैल जोडून गाडी ओढत चिखलीच्या रस्त्याला लावली. ती दारात येऊन उभी राहिली. वळणापाशी गाडी दिसेनाशी झाली तरी ती उभीच होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तर ती म्हणाली, "कोठ्यात आता बैल आणा. मायचं मन राहीन." मायला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दोघांनाही ते एकदमच आठवलं आणि ती आत गेली.

यानंतर मी ज्या गाड्या वापरल्या त्या साध्या होत्या, स्टिअरिंग उजव्या हाताला. पुढचा रस्ता मला दिसायचा, तिला विचारायची गरज पडत नसे. लांबच्या प्रवासात ती झोपून जाई. आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं, ते हंगामात कितीदा अडलं. ती बांधावरून जायची, आवाज ऐकून क्षणभर थांबायची, एवढं मी पाहिलं आहे. पण मग चालू लागायची.

मेहुण्याला खरं सांगायचं माझ्या मनात पुष्कळ वर्षं होतं. दिवाळीला तो यायचा, मी ठरवायचो, मग घरात पोरं, पाहुणे, आणि राहून जायचं. तो वारला. राहिलंच.

तिच्याशी मी बोललो तेही फार उशिरा. आम्ही दोघंच घरात, मुलगी तिच्या सासरी. दुपार होती. ती सूप मांडीवर घेऊन मेथी निवडत होती आणि मी समोर पेपर वाचत होतो. काही निमित्त नव्हतं. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी घाटावर मी तुला उतरू द्यायला पाहिजे होतं."

कोणत्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. चार काड्या निवडून झाल्या.

"तुम्ही उतरू द्यायला नाही," ती म्हणाली. "मीच उतरायले पायजे होतं. दार माह्याच बाजूला होतं. तुम्ही उतर म्हणाल म्हणून थांबली, ते माहं चुकलं. तुमचं काय चुकलं ते तुम्ही पाहा."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. तीस वर्षं ज्याची जुळवाजुळव केली होती ते शब्द होते, पण ते आता तिच्या बोलण्यापुढे मला वकिली वाटले. मी पेपराची घडी घातली. तिने सूप हलवून माती खाली पाडली, निवडलेली मेथी दोन हातांत उचलून पाहिली.

"लय झाली," ती म्हणाली. "अर्धी शेजारी देऊन या."

मी चपला घातल्या आणि देऊन आलो.